हाकेला ओ

जलूदहून नर्मदा निघते तेव्हा किती असते
आणि सुदामानगरच्या नळाला पोचते तेव्हा किती उरते,
ह्याचा हिशेब मी एकतीस वर्षं ठेवला, सरकारी वहीत.
निवृत्त झालो.
वही सुटली, सवय नाही.

आता दर रविवारी दुपारी दीडला
मी मुलांकडून आकडे मागवतो.
बुखारेस्टहून शाल्मली : नऊशे चाळीस.
तिथंही म्हणे खांबाखांबांवर तारांचे गुंते लोंबायचे,
आपल्या मालगंजला लोंबतात तसेच,
पण आतून उजेड पळायचा.
जर्मनीतल्या कुठल्याशा खेड्यातून हेरंब : सोळा.
"सोळाशे?"
"नाही बाबा, सोळा. जुनं तांबं आहे.
अर्ज केलाय, पुढच्या वर्षी खणतील."
मला उगाच बरं वाटलं,
जर्मनीतही खणायचं राहून जातं म्हणून.
नैरोबीहून पुतण्या ओजस : बावीस, वीज असली तर.
आणि आमचं इंदूर : पावतीवर शंभर,
प्रत्यक्षात एकाहत्तर,
खारीने केबल कुरतडली त्या आठवड्यात
शून्य.

केबल जोडायला देवीलाल आला होता.
गच्चीच्या कठड्यावर मांडी घालून त्याने
केसाएवढी काच केसाएवढ्या काचेला डकवली.
"हाथ मत लगाना बाऊजी,
चुभ गई तो मिलेगी नहीं."
पिंग मला त्यानेच समजावलं.
वेग म्हणजे पाइप किती जाड, ते मला ठाऊकच होतं.
पिंग म्हणजे आपण हाक मारली,
ती गेली,
आणि ओ परत आली,
एवढ्याला लागलेला वेळ.
त्याच रात्री पट्टी घेऊन मी वहीत नवा रकाना आखला.

ओजस : दोनशे साठ मिलिसेकंद.
हेरंब : एकशे नव्वद.
शाल्मली : एकशे पन्नास. पापणी लवायच्या आत.

हेरंबचं चित्र थिजतं.
चमचा ओठांशी, डोळे अर्धवट मिटलेले.
आम्ही दोघं त्या थिजलेल्या मुलाकडे बघत बसतो.
"बारीक झालाय," इंदुमती म्हणते.
हलता असताना हे दिसत नाही.
मग आवाज येतो, भाकरीच्या तुकड्यांसारखा,
"...आई... गुडघ्याचं... दाखवलंस का... हॅलो..."
लाइन तुटते. तो परत लावतो.
परत तुटते. परत लावतो.

शाल्मलीचं चित्र लख्ख.
तिच्या मागच्या फळीवरच्या पुस्तकांची नावंसुद्धा वाचता येतात.
"सगळं छान," ती म्हणते.
तेही लख्ख ऐकू येतं.
सहा तारखेला मी तिला लिहिलं होतं,
आंद्रेई हल्ली दिसत नाही तो?
दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या.
उत्तर सतरा तारखेला आलं.
तिचे एकशे पन्नास मी खोडले नाहीत,
शेजारी पेन्सिलीने बारीक लिहिलं :
अकरा दिवस.

गेल्या मंगळवारी सकाळी
कानांत हेडफोन घालून मी सोलचा वेग बघत होतो.
सोलमध्ये आपलं कोणी नाही, तरी.
बघता बघता डोकं गरगरलं,
एवढं पाणी, असं वाटलं,
आणि एका थेंबाची गळती नाही.

इकडे नळ आले होते.
एक दिवसाआड येतात, पाऊण तास.
मोटर लावायचं काम माझं.

संध्याकाळी वही उघडली.
माझ्या आकड्यांखाली, रेघ न सोडता,
जिने ह्या वहीला कधी हात लावला नव्हता
तिच्या उभट, शाळेतल्या अक्षरात :

स्वयंपाकघर ते बैठक.
अंतर : अठरा पावलं.
हाका : तीन.
ओ :

पुढे काही लिहिलेलं नव्हतं.
आणि शेऱ्याच्या रकान्यात,
टाकी रिकामी.